मुकी फेरी

विद्यापीठाच्या एका इमारतीत, एकाच जिन्याच्या दोन बाजूंना, दोन विभाग होते. डावीकडे अर्थशास्त्र, उजवीकडे सोनोग्राफी. डावीकडच्या खोल्यांच्या खिडक्या सताड उघड्या असत, तर उजवीकडच्या खिडक्यांवर काळे पडदे कायम ओढलेले असत. यावरून कुणी तात्पर्य काढायला धावू नये. यंत्रावरची करडी चित्रे उजेडात नीट दिसत नाहीत, एवढेच त्या पडद्यांचे कारण.

उजवीकडे तिसऱ्या वर्षाला अकरा विद्यार्थी होते. दहा जण विशीतले, आणि अकरावी बेचाळीस वर्षांची. तिला सगळे मावशी म्हणत. आधी मुले म्हणू लागली, मग शिपाई, आणि शेवटी शिक्षकही. चौदा वर्षे ती एका तपासणी केंद्राच्या दारात बसून पेशंटांची नावे पुकारत होती. आत गेलेला माणूस बाहेर आला की आधी तिच्या तोंडाकडे बघे, जणू निकाल तिच्या मुठीत आहे. आणि ती प्रत्येकाला "कागद संध्याकाळी मिळतील" एवढेच सांगे. एक दिवस तिने ठरवले, की पडद्याआड काय चालते ते आपण शिकायचेच. नोकरी सोडून तिने विद्यापीठात नाव घातले, तेव्हा नणंदेने साठी बुद्धी नाठी म्हणून नाक मुरडले. साठीला अजून वीस वर्षे आहेत, तोवर असलेली बुद्धी वापरून घेते, असे मावशीने तिला ऐकवले होते.

डावीकडच्या विभागात तिची एकुलती लेक एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मायलेकी एकाच बसने येत आणि जिन्यापाशी फुटत. लेक हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होते. तिचे मार्गदर्शक मोठे विद्वान. त्यांना विद्यार्थी सरासरी सर म्हणत; हे त्यांना माहीत होते आणि मनातून आवडतही होते.

आता या गोष्टीतली मुख्य गाठ सांगायला हवी. सोनोग्राफीच्या विभागप्रमुख बाईंची एक शिस्त होती. पोट तपासायचे तर हातातला प्रोब आधी सगळ्या पोटावरून सावकाश फिरवायचा. यकृत, पित्ताशय, दोन्ही मूत्रपिंडे, प्लीहा, सगळे डोळ्यांखालून घालायचे, आणि या पहिल्या फेरीत एकही चित्र साठवायचे नाही. "आधी सगळं घर फिरून या, मग सामानाची यादी करा," असे त्या म्हणत. जो पहिल्यापासून बटण दाबत सुटतो तो पोट बघत नाही, चित्रे जमवतो, हे त्यांचे म्हणणे. आणि ते सोळा आणे खरे होते. विद्यार्थ्यांनी या फेरीचे नाव मुकी फेरी ठेवले होते. ती संपली की दुसरी फेरी, आणि तिच्यात क्रमाने चित्रे.

गेल्या वर्षी सरासरी सरांनी एक प्रकल्प घेतला: एका तपासणीला वेळ किती लागतो, आणि म्हणून दिवसाकाठी किती पेशंट बघता येतील. काम लेकीकडे आले, आणि तेच तिच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय झाले. अंधाऱ्या खोलीत परक्या माणसाच्या उघड्या पोटाशी घड्याळ घेऊन उभे राहणे शिष्टसंमत नव्हे. तेव्हा सरांनी सोपा मार्ग काढला. यंत्र प्रत्येक चित्रावर वेळ उमटवते. पहिल्या चित्राची वेळ शेवटच्या चित्राच्या वेळेतून वजा केली, की झाले. लेकीने चारशे बारा तपासण्यांची वजाबाकी केली. उत्तर आले साडेआठ मिनिटे.

पहिल्या चित्राच्या आधी काय होते, हे डावीकडच्या कुणी विचारले नाही, कारण आधी काही असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. उजवीकडच्या कुणी सांगितले नाही, कारण ती फेरी त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ते काम आहे हेच ते विसरले होते. पाणी किती भरले असे विचारले तर विहिरीपर्यंतची चाल कोण सांगतो? विद्यापीठाने दर दहा मिनिटांना एक पेशंट असा नियम केला, त्या बळावर विभागाला दोन नवी यंत्रे मिळाली, आणि अंतिम परीक्षेतही पहिल्या चित्रापासून दहा मिनिटांची मर्यादा आली. अकरावे मिनिट लागले तर प्रात्यक्षिकात नापास.

मावशीने तो आकडा पहिल्यांदा पाहिला तो घरी, जेवणाच्या टेबलावर. लेकीचे कागद पसरलेले होते आणि ताटांसाठी जागा करावी म्हणून ती ते उचलत होती.

"साडेआठ मिनिटं कशाची गं?"

"एका तपासणीची. सरासरी."

"एवढ्यात कुणी केली?"

"तुम्हीच. तुझ्याच विभागानं. मशीनमधल्या वेळा आहेत त्या, आई. मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन नाही बोलत खोटं," मावशी म्हणाली. "पण तू त्याला अर्धंच विचारलंस."

तिने मुकी फेरी समजावून सांगितली. लेकीने ऐकून घेतले, पण कागद आता विद्यापीठाकडे गेले आहेत, सरांनी तपासले आहेत, आणि शंका असेल तर सरांना विचार, असे सांगून तिने ताट पुढे ओढले. मावशी दुसऱ्या दिवशी खरोखरच सरांकडे गेली. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि मान हलवत सगळे ऐकले. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसे उद्धट असतात असे नाही. पुष्कळदा ती फार सौजन्याने हाकतात. तुमचा अनुभव मोलाचा आहे, मावशी, पण अनुभव म्हणजे आकडा नव्हे, असे ते म्हणाले. मग आकडाच देते, असे म्हणून मावशी उठली. चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून तिने एकच गोष्ट बदलली. पेशंटच्या पोटावर प्रोब टेकला, की त्याच क्षणी ती चित्र साठवण्याचे बटण एकदा दाबी. त्या चित्रात काही नसे. धुक्यासारखे करडे काहीतरी. मग बटणावरून बोट काढून ती मुकी फेरी पुरी करी, आणि मग क्रमाने चित्रे. आता यंत्राच्या हिशेबात तिची तपासणी स्पर्शापासून सुरू होत होती, आणि अठरा, एकोणीस, वीस मिनिटांना संपत होती.

तिच्या नोंदवहीत वेळेबद्दल बाईंचे लाल शेरे पडू लागले. एकदा बाईंनी तिला खोलीत बोलावून दार लावले. फेरी माझीच शिकवण आहे हे मी विसरलेले नाही, त्या म्हणाल्या; पण यंत्रे त्या आकड्यावर आली आहेत, ती परत गेली तर मुले शिकतील कशावर? ते पहिले एक चित्र सोडून दिले तर काय बिघडते? मावशी उभीच होती.

"मॅडम, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. दहा मिनिटांनी पुढचा माणूस दाराशी उभा असतो. मुलं तुमची फेरी आता तीन मिनिटांत उरकतात. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती माहीतही नसेल."

बाईंनी नोंदवही मिटून तिच्या हातात दिली. शेरा मात्र खोडला नाही.

सहा आठवडे असे गेले. मग एका रविवारी दुपारी लेक नव्या सत्राचे आकडे घेऊन बसली असताना म्हणाली, अगदी सहज म्हणाली, "आई, तुझे एकोणतीस आकडे वगळावे लागले."

"का?"

"बाकीच्यांपासून फार लांब आहेत. सर म्हणाले, असा आकडा एक तर चूक असतो नाही तर अपवाद. दोन्ही वगळतात."

"मग मी चूक की अपवाद?"

लेकीने पेन खाली ठेवले. "तू हळू आहेस, आई. वयानं हात हळू होतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

मावशीचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. बारा-बारा मजले चढून दोर तपासणारा माणूस. घरातल्या वादात तो सहसा पडत नसे. तो पेपरामागून म्हणाला, की दोर न बघता तपासणीच्या तक्त्यावर सही ठोकणारे आमच्याकडेही आहेत, आणि सगळे फार चपळ असतात. लेकीला हसू आले, ते तिने दाबले. मावशीला आले नाही. परका बोलला असता तर तिने झटकून टाकले असते; पोटची पोर आपल्याला हळू म्हणते, हे जिव्हारी लागले. पण ती चिडली नाही.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" ती म्हणाली. "उद्या आमच्याकडे ये. सरावाला माणसं लागतातच. माझ्याकडे नको येऊस, नाही तर म्हणशील आईनं मुद्दाम ताणलं. विमानाच्या टेबलावर झोप. मनगटावर घड्याळ असू दे."

विमान म्हणजे वर्गातली सर्वांत वेगवान मुलगी. तिची सरासरी सात मिनिटे. साऱ्या विभागात तिचे उदाहरण दिले जाई. लेक उपाशीपोटी गेली, टेबलावर झोपली, थंडगार जेलने दचकली आणि घड्याळावर नजर लावून पडून राहिली. संध्याकाळी परत आली ती पर्स खांद्यावरून न उतरवताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बटणाचा पहिला आवाज अकराव्या मिनिटाला आला, असे तिने सांगितले. यंत्राने तपासणी सात मिनिटांची लावली. ती टेबलावर होती अठरा मिनिटे. आधीची अकरा मिनिटे कुठे नोंदवता, असे तिने विमानाला विचारले, तेव्हा ती पोरगी हसत म्हणाली, नोंदवतो कुठे, म्हणून तर मुकी म्हणतात. आणि मग, हसणे थांबवून, म्हणाली की तुमच्यासाठी पुरी केली ताई. खऱ्या पेशंटला हल्ली एवढा वेळ कुठला द्यायला मिळतो.

"अकरा मिनिटं माझ्या पोटावर हात फिरत होता, आई, आणि माझ्या तक्त्यात ती नाहीत," लेक म्हणाली. "चारशे बारा माणसांची नाहीत."

मावशीने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मी सांगत नव्हते का, असे म्हणण्याचा मोह तिला झाला. तो तिने गिळला. आईने एवढे तरी गिळावेच लागते.

लेक चुकली होती, पण चूक कळल्यावर ती झाकणाऱ्यातली नव्हती. तिने एकोणतीस आकडे परत घातले, सरासरीच्या तक्त्याखाली एक आख्खे पान लिहिले, आणि साडेआठ हा तपासणीचा नव्हे, चित्रे काढण्याचा वेळ आहे असे त्यात स्पष्ट म्हटले. सरांनी ते पान तीनदा वाचले आणि प्रबंधावर सही करायला नकार दिला. पान काढ, सही देतो. लेकीने पान काढले नाही. घरी येऊन एवढेच म्हणाली, की सर मला आता फार सौजन्याने वागवतात.

मावशीची परीक्षा आठवड्यावर आली होती. शहरातल्या मोठ्या इस्पितळाने तिच्यासाठी एक जागा जुलैपर्यंत राखून ठेवली होती. पास झाली तर जुलैत रुजू, नाही तर ती जागा दुसऱ्याला. बेचाळिसाव्या वर्षी अशी जागा पुन्हा चालून येत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होते. आणि परीक्षेत पास होणे तर अगदीच सोपे होते. बाकीचे करत तेच करायचे: मुकी फेरी आधी, बटण नंतर, आठ-नऊ मिनिटांत काम फत्ते. परीक्षकही त्या पहिल्या फेरीच्या वेळी खिडकीकडे तोंड करून उभे राहतात, असे मुले सांगत.

"परीक्षेत तरी नको, आई," लेक बसमध्ये म्हणाली. "पुरावा आता माझ्याकडे आहे. तू सिद्ध करायचं ते केलंस. पास हो आणि मोकळी हो."

मावशीने तिकिटे पर्समध्ये ठेवली. उतरायच्या वेळी म्हणाली, "परीक्षेत वेगळं वागले, तर त्या एकोणतीस वेळा मी नाटक केलं असं होईल. मग तुझ्या पानाखाली काय उरेल?"

परीक्षा सकाळी होती. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे पांढऱ्या मिशांचे, हलक्या आवाजाचे डॉक्टर. चाळीस वर्षे हेच काम केलेले. दारापाशी कारकून, त्याच्यापुढे घंटी. पेशंट होता एक ट्रकचालक, सहा फुटी, टेबलाबाहेर पाय आलेला, आणि सुईला भ्यावे तसा या निरुपद्रवी प्रोबला भ्यालेला. मावशीने आधी त्याला जेल हातावर लावून दाखवले. मग त्याच्या बरगड्यांखाली प्रोब टेकवला आणि बटण दाबले. शांत खोलीत तो आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि कारकुनाने घड्याळ लावले. डॉक्टर खिडकीकडे वळले होते. ते परत वळले.

ती घाई न करता फिरत गेली. श्वास घ्या, धरा, सोडा. डाव्या कुशीवर वळा. स्वादुपिंडापुढे वायू आला होता, तेव्हा तिने प्रोब हलकेच दाबून धरला आणि तो सरकेपर्यंत थांबली. ती अजून डाव्या मूत्रपिंडावर होती, चित्रांची फेरी सुरूही झाली नव्हती, तेव्हा कारकुनाने घंटी वाजवली. ट्रकचालकाने डोळे उघडून झालं का म्हणून विचारले. अजून नाही, पडून राहा, असे तिने सांगितले. कारकुनाने, न जाणो ऐकू आली नसेल म्हणून, घंटी पुन्हा वाजवली. डॉक्टरांनी त्याला हाताने थांबवले. एकविसाव्या मिनिटाला तिने शेवटचे चित्र साठवले, पेशंटचे पोट पुसले, त्याला बसते केले आणि तो शर्ट घालून बाहेर जाईपर्यंत उभी राहिली.

"काय सापडलं?" डॉक्टरांनी विचारले.

"काही नाही."

"मग एकवीस मिनिटं?"

"'काही नाही' म्हणायचं तर सगळं बघावं लागतं, डॉक्टर. काही सापडलं, की हात लवकर थांबतो. न सापडण्याला जास्त वेळ लागतो."

डॉक्टरांनी तिची चित्रे एकेक करून पाहिली, एकदा पुढून आणि एकदा मागून. तपासणी उत्तम आहे, ते म्हणाले. या वर्षी पाहिलेल्यांत सर्वांत चांगली. मग त्यांनी कारकुनाला पाणी आणायला पाठवले आणि आवाज आणखी खाली आणला.

"ते पहिलं चित्र पुसून टाका. तुमचा वेळ नऊ मिनिटं होईल. तसंही त्यात काही नाही."

"त्यात वेळ आहे."

"मी तुमच्याच बाजूनं बोलतोय, बाई. मी आयुष्यभर हेच बघत आलो. नियम मी केलेला नाही."

"मला कळतंय. पण मी पुसणार नाही." तिने यंत्रापासून एक पाऊल मागे घेतले. "तुम्हाला पुसायचं असेल तर तुम्ही पुसा, डॉक्टर, आणि पुसलं असं खाली लिहून सही करा."

नाकासमोर चालणाऱ्या माणसाला लबाडी करायला लावणे सोपे असते; ती सही करून करायला लावणे अवघड. डॉक्टरांचे बोट बटणाच्या वर क्षणभर अधांतरी राहिले. मग त्यांनी ते मागे घेतले, पेन उघडले, आणि वेळेच्या रकान्यात एकवीस लिहिले. शेऱ्याच्या रकान्यातही त्यांनी काही लिहिले, पण तो कागद मावशीला बघायला मिळायचा नव्हता.

निकाल दहा दिवसांनी लागला. अकरापैकी दहा पास. त्याच दिवशी, जिन्याच्या दुसऱ्या बाजूच्या फलकावर, सरांच्या सहीविना दिलेल्या लेकीच्या प्रबंधापुढे "दुरुस्तीसाठी परत" असे लागले. इस्पितळातून दुपारी फोन आला. जागा भरली होती, आणि बोलणारी बाई मनापासून हळहळत होती. मावशीने तिचे आभार मानून फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसली. एवढा वेळ ताठ असलेल्या तिच्या पाठीला तिथे पहिल्यांदा बाक आला. लेक शेजारी येऊन बसली. थोडा वेळ दोघी जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट बघत राहिल्या.

"एका घरात दोन नापास," लेक म्हणाली. "बाबा म्हणतील, लिफ्ट मध्येच अडकली."

"त्यांना म्हणावं, दोर शाबूत आहे."

लेक हसली. तशी हसली म्हणून मावशीला उठता आले. फेरपरीक्षेचा अर्ज आजच भरायचा होता, कारण फेरपरीक्षेआधी पुन्हा साठ तपासण्या कराव्या लागत. सरावाच्या खोलीसमोरच्या खिडकीमागच्या कारकुनाने, तोच घंटीवाला, तिचा भरलेला अर्ज वाचला आणि परत सरकवला. नापास होण्याच्या कारणाच्या जागी तिने "तपासणी पूर्ण केली" असे लिहिले होते.

"मावशी, इथे 'वेळेत अपूर्ण' लिहायचं असतं. सगळे तेच लिहितात."

"माझं अपूर्ण काही राहिलं नव्हतं. तुम्हीच होतात तिथे."

"होतो ना. म्हणून तर सांगतो. असा अर्ज वरून परत येईल."

मावशीने अर्ज पुन्हा आत सरकवला, आणि तो परत येऊ नये म्हणून त्यावर हात ठेवला.

"येऊ दे परत. मी समोरच्याच खोलीत असते."